स्वस्त बॅरिटोन गिटार घरघरते? ट्रस रॉडला हात लावण्याआधी या चुका टाळा

"नवी बॅरिटोन घेतली, तार घरघरत होती म्हणून ट्रस रॉड फिरवला, आता जास्तच बिघडलंय." बॅरिटोन म्हणजे खालच्या सुरात लावायची लांब गिटार, आणि ट्रस रॉड म्हणजे तिच्या नेकमधली (लांब दांड्यातली) बाक जुळवायची सळी. ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की मी आधी एकच विचारतो: तारा कुठल्या चढवल्यात आणि कुठल्या सुरात लावल्यात?

बहुतेकदा घोळ तिथेच सापडतो. साध्या गिटारवर नटपासून (दांड्याच्या टोकाशी तारा टेकतात ती खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवरचा तारांचा टेकू) साधारण साडेपंचवीस इंच अंतर असतं, बॅरिटोनवर २७ ते ३०. ती खालच्या बी किंवा ए मध्ये लावतात, म्हणून सगळ्यात जाड तार ०.०६२ इंच किंवा त्याहून जाड लागते. लोक घरात पडलेला साधा सेट चढवून मोकळे होतात. २७ इंची गिटारवर ०.०४६ ची तार बी ला लावली, तर साध्या गिटारवर ई ला जेवढा ताण असतो त्याच्या जेमतेम ६३ टक्के उरतो. तार लुळी पडते, नेकला पुढे ओढायला पुरेसा जोर राहत नाही, आवळलेला ट्रस रॉड नेकला मागे वाकवतो आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) घरघर सुरू होते. दोष नेकचा नसतोच.

एकदा याच्या बरोबर उलटं प्रकरण आलं. एका नवशिक्या मुलाला ट्यूनरवर फक्त साध्या गिटारचे ई-ए-डी-जी-बी-ई हे सूर माहीत. त्याने बॅरिटोनच्या जाड तारा ओढून ओढून ई पर्यंत नेल्या. त्याच तारेवर बी मध्ये असतो त्याच्या पावणेदोन पटींहून जास्त ताण! नेक पुढे वाकली, मधल्या फ्रेटवर तार दाबवेना. मग त्याने पूर्ण ताण असतानाच ट्रस रॉड आवळायला घेतला, तोही मापाला किंचित लहान ॲलन कीने. रॉडच्या टोकाची षटकोनी खाच आतून गोल झाली. मी तारा बी मध्ये उतरवल्या आणि गिटार दोन दिवस तशीच ठेवली. नेक जवळजवळ जागेवर आली. रॉड फिरवायची गरजच नव्हती. पण ती खाच गेली ती गेलीच. आता ऋतू बदलून नेक हलली की तिला सावरायला काही हाताशी नाही. पाच मिनिटं थांबला असता तर गिटार वाचली असती, याचं मला अजून वाईट वाटतं.

माझी सवय सांगतो. तारा योग्य सुरात लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांनी) मोजायची. साध्या गिटारवर ०.२५ मिमी ठीक. बॅरिटोनवर मी ०.३ पर्यंत ठेवतो, कारण जाड तार जास्त झुलते. रॉड घड्याळाच्या दिशेने फिरवला की नेकचा बाक कमी होतो. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, मग पुन्हा सूर लावून थोडा वेळ थांबायचं. शक्यतो दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतो.

ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) जास्त वाटते म्हणून ट्रस रॉड आवळणं, हा शॉर्टकट मला सगळ्यात जास्त खुपतो. रॉड बाकासाठी असतो. उंची सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्यावर) कमी-जास्त करायची, आणि तीही बाक जमल्यावरच.

नटची खाच पातळ तारेसाठी कापलेली असेल तर जाड तार वरच अडकते: खुंटी फिरवताना टिक टिक आवाज, पहिल्या फ्रेटवर सूर चढलेला. पेन्सिलीचं शिसं लावून अरुंद खाच रुंद होत नाही. तारेच्या मापाची नट-फाइल वापरा. तिकोनी कानशीने नट वाया जातो.

इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल पुढे-मागे करणं, सगळ्यात शेवटी आणि नव्या तारांवरच. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसता स्पर्श करून निघणाऱ्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल मागे. स्वस्त ब्रिजवर जाड तारेचं सॅडल मागे सरकायला जागाच उरत नाही. तेव्हा मी त्याची स्प्रिंग काढून टाकतो, थोडी जागा मिळते. मोजताना हलकं दाबा, जोर लावला की लुळी तार हमखास चढते. पिकअप (तारांखालचा, आवाज टिपणारा चुंबकी भाग) जाड तारेच्या फार जवळ असेल तर चुंबकाची ओढही सूर बिघडवते.

जाड तार कापण्याआधी काटकोनात मुडपा, नाहीतर तारेवर गुंडाळलेलं वेटोळं सैल होऊन तार मुकी वाजते.

आणि घरघर फक्त एकाच फ्रेटवर असेल तर यातलं काहीच करू नका. पुढची फ्रेट वर उचलली गेलेली असते. ती ठोकून बसवावी किंवा घासून समतल करावी लागते.