कथक करताना चेहरा हसरा कसा राहतो

पहिल्यांदा मंचावर निघालेल्या मुलीला विंगेतून हमखास एक सूचना मिळते: "हसत राहा गं!" कथक शिकताना आणि आता शिकवताना माझं ठाम मत झालंय की ही सूचना फार उशिरा येते. पढंत (नाचाचे बोल तोंडाने म्हणणं) किती पक्की आहे आणि श्वास मोकळा आहे की नाही, यावर चेहरा ठरतो, आणि ते काम रियाजातच व्हावं लागतं.

तिहाई घ्या. तोच बोल तीनदा येणार आणि शेवटचा 'धा' नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडणार. जिची तिहाई कच्ची, ती मनात मात्रा मोजत बसते. कपाळाला आठी पडते, ओठ पुटपुटू लागतात. म्हणून तुकडा (बोलांची छोटी रचना) पायात घेण्याआधी हाताने ताल देत भरपूर म्हणा, ठाय (संथ) लयीत, मग दुगुनीत (दुप्पट वेगात). भाजी निवडतानासुद्धा न अडखळता म्हणता आला, तर तो तुमचा झाला. मग तीनतालाच्या सोळा मात्रा मोजाव्या लागत नाहीत. लहेरा, म्हणजे साथीला सतत वाजणारी धून, ऐकूनच सम कळते आणि नजर मोकळी होते.

द्रुत ततकारात, म्हणजे वेगवान पदन्यासात, बहुतेक जणी नकळत श्वास कोंडतात. श्वास कोंडला की जबडा आवळतो, आणि मग ओठ कितीही ताणले तरी ते हसू ओढूनताणून आणलेलंच दिसतं. मी विद्यार्थिनींना ततकार चालू ठेवून एकमेकींशी बोलायला लावते. बोलता आलं, म्हणजे श्वास चालू आहे. दातांवर दात टेकू देऊ नका. चक्करांमध्ये तर हसू धरून ठेवायचा हट्टच नको, त्याने मान ताठरते. नजर समोरच्या एका बिंदूवर ठेवा. शेवटच्या चक्करानंतर समेवर थांबलात की हसू आपसूक येतं, आणि प्रेक्षकांना तेच भावतं.

किती हसायचं? नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितलेत. 'स्मित' म्हणजे गाल किंचित फुललेले, दात न दिसणारे. 'हसित' म्हणजे डोळे आणि चेहरा खुललेला, दात जरासे दिसणारे. थाटाला, म्हणजे सुरुवातीच्या डौलदार उभं राहण्याला, स्मित पुरेसं आहे. तबल्याशी सवाल-जवाब रंगला की हसित न बोलावता येतं. गतभावात, म्हणजे नाचातून गोष्ट सांगताना, मात्र पात्राचाच भाव हवा. कालियामर्दनात कालिया झालेली मुलगी गोड हसत असली, तर सगळा प्रसंगच फसतो. पालकांनी समोरून "हस, हस" अशा खुणा करू नयेत, ही माझी कळकळीची विनंती. पोरीचं सगळं लक्ष तिकडे जातं.

प्रखर दिव्यांमुळे मंचावरून समोरचं फारसं दिसत नाही. तेव्हा शेवटच्या रांगेच्या जरा वर पाहा. परीक्षेत परीक्षक अगदी जवळ असतात. नमस्कार करताना आणि समेवर त्यांच्याकडे सरळ पाहायला बिचकू नका. रियाजाचं चित्रीकरण आवाज बंद करून पाहा, चेहरा कोणत्या बोलावर पडतो ते लगेच सापडतं. तेवढाच तुकडा पुन्हा पढंतीला घ्या.

आणि सम चुकली तर? पाय ततकारात ठेवा, पुढच्या आवर्तनाची (तालाच्या फेरीची) सम पकडा. याचाही सराव करता येतो: मैत्रिणीला मध्येच टाळी थांबवायला सांगा, आणि चेहरा न पाडता लय धरून राहा.