'सारखा' दिसला की उपमा? अलंकारांच्या सरावातल्या या चुका टाळा

मागच्या जुलैत पाचवी-सहावीच्या मुलांना मी फळ्यावर एक वाक्य दिलं : 'इगतपुरीला सारखा पाऊस पडतो.' यात अलंकार आहे का? असल्यास कोणता? अकरा जणांपैकी आठ जणांनी ठासून लिहिलं, उपमा.

एकीला विचारलं, "अगं, कशाला कशाची उपमा दिलीय?"

तिने बराच वेळ फळ्याकडे बघितलं. "बाई, पावसाला इगतपुरीची."

"आणि दोघांत सारखं काय?"

"दोन्ही ओलं असतं."

वर्ग हसला. मला मात्र तिचं काही चुकलंय असं वाटेना. तिच्या गाइडात चौकट करून छापलं होतं : सम, समान, सारखा, परी, वाणी, प्रमाणे आलं की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे आलं की उत्प्रेक्षा (एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना). तिने शब्द शोधला आणि खूण केली.

ही यादी खोटी नाही, पण ती पहिल्याच दिवशी मुलांच्या हाती पडते तिथे घोटाळा होतो. मग 'नेहमीप्रमाणे बस उशिरा आली' ही उपमा होते, कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा उपमा होतो आणि 'मला ताप आलाय असं वाटतं' म्हणणारं पोर थेट उत्प्रेक्षेत जातं.

माझी सवय अशी : पहिले दोन आठवडे अलंकाराचं नावच काढायचं नाही. वहीत तीन उभे रकाने आखायचे – कोण, कोणासारखं, कशामुळे. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पुढे जायचं नाही. पुढे याच रकान्यांना उपमेय, उपमान आणि साधारण धर्म म्हणतात हे कळलं की मुलं दचकत नाहीत. पालक दचकतात. "बाई, दोन आठवडे झाले आणि अजून एकही व्याख्या पाठ नाही?" नाही. घाई असेल त्यांच्यासाठी गाइड आहेच.

दुसरी चूक मला जास्त छळते : साध्या, खऱ्या वाक्यात अलंकार शोधणं. नाशिकमध्ये गोदावरीला पूर आला की पाणी किती चढलं हे आपण गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीवरून सांगतो. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्यापर्यंत गेलं. 'पाणी मारुतीच्या कमरेला लागले' हे वाक्य मी मुद्दाम देते आणि दर वर्षी निम्मा वर्ग चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं सांगणं, लिहितो. का, तर 'मारुती दगडाचा आहे आणि त्याला कंबर आहे!' अरे, मूर्ती आहे, कंबर असणारच. पाणी तिथवर खरंच चढलं, झाली गोष्ट. 'नदी वाहते', 'वारा सुटला' यांचंही तेच. नदी रुसली, वारा खिडकीशी कुजबुजला, तर निर्जीवाला माणसाचं मन दिलं असं म्हणता येईल. म्हणून आधी विचारायचं : हे जसंच्या तसं घडू शकतं का?

उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपकाची तीन वेगवेगळी उदाहरणं पाठ करून घेऊ नका. एकच जोडी घ्या आणि ती फिरवा. गोदावरी आईसारखी आहे. गोदावरी जणू आईच. आणि तिसरं? पोरं डोकं खाजवतात. 'गोदामाई' हा शब्द ती जन्मापासून ऐकतायत, त्यात नदी आणि आई एकच झाल्यात, म्हणजे हे रूपक, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

चंद्रासारखा चेहरा आणि मोत्यासारखं अक्षर यांना माझ्याकडे बंदी आहे. मोती कुणी पाहिलाय? द्राक्षं सगळ्यांनी पाहिलीत. एका मुलाने आजीच्या हाताला बेदाण्याची उपमा दिली आणि तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'सुरकुत्या'. पूर्ण गुण.

अनुप्रास, म्हणजे तेच अक्षर पुन्हा पुन्हा येणं, डोळ्यांनी शोधू नका, मोठ्याने वाचा. 'कच्चा पापड, पक्का पापड' म्हणताना जीभ अडखळते तिथेच तो सापडतो.

अतिशयोक्ती म्हणजे खोटं बोलणं नव्हे. गृहपाठ हरवला हे खोटं. दप्तराच्या ओझ्याने रिक्षा उलटी झाली, ही अतिशयोक्ती.

'पोटात कावळे ओरडतात' हा वाक्प्रचार आहे. त्याला अलंकाराचं लेबल लावत बसू नका, मुलांना डबा खाऊ द्या.