हेम्पमध्ये पॉलिप्लॉइड ब्रीडिंग करायचंय? सोलापुरात बसून काय शिकता येईल

ज्युनियर पोरं सारखी विचारतात, दादा हेम्पचं (म्हणजे नशा नगण्य असलेल्या गांजाच्याच जातीचं) पॉलिप्लॉइड करायचंय, म्हणजे क्रोमोसोमचे दोनपेक्षा जास्त सेट असलेलं रोप, कुठनं सुरू करू. गच्चीवरच्या कुंडीत तर अजिबात नको. 1985 चा एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, लायसन्स नसताना एक रोप लावलं तरी गुन्हा, आणि उत्तराखंडने परवाने दिलेत ते त्यांच्या राज्यापुरते.

पण हात बसायला गांजाच पाहिजे असं कुठाय? गांजाचे क्रोमोसोम 20, आपल्या मालदांडी ज्वारीचे पण 20 च. मी कलिंगडावर शिकलो. 22 क्रोमोसोमचे 44 करायचे, मग 44 वाल्या मादीवर 22 चा पराग टाकला की 33 वालं बी मिळतं, म्हणजे ट्रिप्लॉइड, तीन सेटचं, आणि त्याच्या फळात बी धरत नाही. हेम्पवाल्यांना ट्रिप्लॉइड हवं ते याचसाठी, शेजारच्या रानातला पराग वाऱ्यावर आला की मादी फुलांत बी भरतं आणि सीबीडी, म्हणजे ज्यासाठी ही फुलं घेतात ते द्रव्य, घसरतं. तरी एखाददुसरं बी सापडतंच, शंभर टक्के बिनबियांचं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

डबल करायला कोल्चिसिन वापरतात, आपल्या कळलावीत असतं तेच. पेशी विभागताना क्रोमोसोम दोन्हीकडं ओढणारे धागेच ते बनू देत नाही, म्हणून दोन्ही सेट एकाच पेशीत राहतात. जहाल विष आहे, ग्लोव्ह्जशिवाय बाटली उघडायची नाही. दोन पानांच्या रोपाच्या शेंड्यावर कापसाचा बोळा ठेवून थेंब सोडायचे, आणि आपल्या एप्रिलच्या उन्हात बोळा बघता बघता वाळतो, म्हणून संध्याकाळीच करायचं.

खरी डोकेदुखी पुढं आहे. पानाच्या खालच्या बाजूला ट्रान्सपरंट नेलपॉलिश लावा, वाळलं की सेलोटेपने उचलून स्लाइडवर चिकटवा, स्टोमाटा, म्हणजे पानावरची श्वासाची बारीक छिद्रं, मोठे आणि विरळ दिसले की डबल झालं समजून पोरं नाचायला लागतात. पण स्टोमाटा सगळ्यात बाहेरच्या थरातले, पराग आणि बीजांड बनतं त्याच्या आतल्या थरातून, आणि आतला थर डबल झालेलाच नसेल तर पुढची पिढी परत साधी येते. म्हणून परागकणांचा आकार मोजा, पुढच्या पिढीच्या मुळांच्या टोकाचे क्रोमोसोम मोजा. फ्लो सायटोमीटर, म्हणजे पेशीतला डीएनए मोजणारं मशीन, मिळाला तर सोन्याहून पिवळं, पण ते सगळीकडं नसतं.

आणि जास्त क्रोमोसोम म्हणजे जास्त माल, हे डोक्यातनं काढा. टेट्राप्लॉइड, म्हणजे डबल केलेलं चार सेटचं रोप, बऱ्याचदा हळू वाढतं, मूळ वाणच भिकार असेल तर डबल करूनही भिकारच. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं प्रोजेक्टचं विचारायला जाणार असाल तर कांद्याच्या मुळांच्या चार चांगल्या स्लाइड्स स्वतः बनवून मगच जा.