नवीन फूड ॲडिटिव्हला मंजुरी घ्यायचीय? मग कुठून सुरुवात करायची आणि काय काय लागतं

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मंजुरी पदार्थाला मिळत नाही, वापराला मिळते. "हा रंग सेफ आहे" असं सरसकट सर्टिफिकेट मिळत नसतं. अमुक प्रकारच्या खाण्यात, अमुक कामासाठी, किलोमागे इतके मिलिग्रॅमपर्यंत चालेल, असं लिहून मिळतं. त्यामुळे पहिल्या दिवशीच कागदावर तीन उत्तरं लिहा: कशात घालणार, कशासाठी आणि किती. टिकवायला घालताय, गोडीला, रंगाला की तेल-पाणी एकत्र धरून ठेवायला, हे नीट ठरवा, कारण त्याची खरंच गरज आहे हे पुढे दाखवावं लागतं. खराब झालेला माल झाकण्यासाठी किंवा गिऱ्हाइकाची दिशाभूल करण्यासाठी वापर असेल तर तो मंजूरच होत नाही, मग पदार्थ कितीही निरुपद्रवी असो.

दुसरी पायरी म्हणजे ओळख, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. रासायनिक नाव, रचना, कच्चा माल, बनवायची पद्धत, शुद्धतेची टक्केवारी, शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा किती, सॉल्व्हंट किती उरतं, साठवणुकीत किंवा शिजवताना तुटून त्याचं काय होतं, हे सगळं लागतं आणि तेही एका नाही तर वेगवेगळ्या वेळी बनवलेल्या निदान पाच बॅचच्या तपासणीतून. एका टीमचं काम मी जवळून पाहिलंय, त्यांनी लॅबमध्ये छोट्या प्रमाणात बनवलेली अतिशुद्ध बॅच टेस्टिंगला पाठवली, सगळे रिपोर्ट छान आले, आणि नंतर कारखान्यात मोठ्या टाकीत बनवायला घेतलं तेव्हा मालात एक वेगळीच अशुद्धी दिसली जी टेस्ट केलेल्या मालात नव्हतीच, म्हणजे ज्याची परीक्षा झाली तो माल वेगळा आणि विकायचा माल वेगळा. टेस्ट परत कराव्या लागल्या, वर्ष गेलं. म्हणून जो माल बाजारात जाणार तोच टेस्टला द्या. युरोपच्या २००८ च्या कायद्यात तर स्पष्टच म्हटलंय की बनवायची पद्धत किंवा कच्चा माल बराच बदलला, किंवा कणांचा आकार बदलला, तर मंजूर असलेलं ॲडिटिव्हसुद्धा वेगळं ॲडिटिव्ह धरायचं.

टेस्ट सुरू करायच्या आधी ज्या देशात अर्ज करायचाय तिथल्या संस्थेशी बोलून घ्या. युरोपात २७ मार्च २०२१ पासून अर्जासाठी करायच्या अभ्यासांची नोंद आधीच करावी लागते, ती राहिली तर अर्ज अडकतो. लॅब जीएलपी म्हणजे गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस पाळणारी हवी आणि पद्धती ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या, नाहीतर रिपोर्टला वजन राहत नाही.

आता टेस्ट. सुरुवात होते पदार्थ डीएनएला धक्का लावतो का इथून. त्यातली नेहमीची म्हणजे एम्स टेस्ट: हिस्टिडिन (वाढीला लागणारं एक अमिनो आम्ल) स्वतः बनवू न शकणारे बॅक्टेरिया घ्यायचे, हिस्टिडिन जवळजवळ नसलेल्या प्लेटवर तुमच्या पदार्थासोबत वाढवायचे, आणि मग कॉलन्या मोजायच्या. तिथे कॉलनी वाढली म्हणजे त्या बॅक्टेरियाच्या जनुकात बदल होऊन तो परत हिस्टिडिन बनवायला लागला. थोड्या कॉलन्या नुसत्या प्लेटवरही येतातच, पण डोस वाढवत गेलं की कॉलन्याही वाढत गेल्या तर धोक्याची घंटा. हेच परत उंदराच्या लिव्हरच्या अर्कासोबत करतात, कारण काही पदार्थ मुळात साधे असतात पण लिव्हरमधून गेल्यावर घातक होतात.

मग ९० दिवसांचा अभ्यास. कमीत कमी तीन डोस आणि एक बिनडोसाचा गट, प्रत्येकात १० नर १० माद्या, म्हणजे ८० उंदीर. वजन, खाणं, रक्त, शेवटी एकेक अवयव. पदार्थ आतड्यातून रक्तात शिरतोय असं दिसलं की काम वाढतं, मग दीर्घकाळाचे, कर्करोगाचे, प्रजननाचे आणि गर्भाचे अभ्यास लागतात.

यातून निघतो तो आकडा, ज्या सगळ्यात मोठ्या डोसला काहीही वाईट परिणाम दिसला नाही तो. त्याला सहसा १०० ने भागतात, १० प्राणी आणि माणूस यातल्या फरकासाठी आणि १० माणसामाणसातल्या फरकासाठी. ॲस्पार्टेमचं बघा, प्राण्यांमध्ये शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज ४००० मिलिग्रॅम, म्हणून माणसासाठी रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे ४०. ही मर्यादा जेक्फा या आंतरराष्ट्रीय समितीने १९८१ मध्ये ठरवली. ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम, पण १५ किलोच्या मुलाला ६०० च. म्हणून लोक प्रत्यक्षात किती खातील याचा हिशोब करताना सरासरीवर थांबू नका, लहान मुलं आणि भरपूर खाणारे लोक वेगळे काढा. हिशोब मर्यादेबाहेर गेला तर किलोमागचं प्रमाण कमी करा किंवा एखादा खाद्यप्रकार यादीतून काढा, इथे हट्ट करू नका.

मग सगळं डोसियर, म्हणजे सगळ्या माहितीची आणि रिपोर्टची फाइल, बांधून अर्ज. कायद्यातल्या मुदतीवर भरवसा ठेवून लाँचची तारीख ठरवू नका, युरोपात एफ्साला (तिथली अन्नसुरक्षा संस्था) मत द्यायला ९ महिने असतात पण त्यांनी जादा माहिती मागितली की घड्याळ थांबतं. प्रत्येक देशाचा कायदाही तपासा. अमेरिकेत १९५८ पासून (रंगांसाठी १९६० पासून) डेलानी क्लॉज हे कलम आहे, माणसात किंवा प्राण्यात कर्करोग करणारं ॲडिटिव्ह मंजूर करताच येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एफडीए या तिथल्या अन्न-औषध संस्थेने रेड ३ या रंगाची परवानगी याच कलमाखाली काढून घेतली, नर उंदरांमध्ये ज्या मार्गाने गाठी होतात तो माणसात नसतो हे मान्य करूनसुद्धा.

मंजुरी आली तरी फाइल बंद करू नका. टायटॅनियम डायऑक्साइड (खाण्यातला पांढरा रंग) वर्षानुवर्षं वापरात होतं, २०२१ मध्ये एफ्साने सांगितलं की त्याने डीएनएला इजा होत नाही असं खात्रीने म्हणता येत नाही, आणि २०२२ मध्ये युरोपने ते खाण्यातून काढलं. त्यामुळे नवीन माहिती हाती आली की स्वतःहून कळवा, आणि ज्या बॅचवर टेस्ट झाल्या त्यांची सगळी रेकॉर्ड्स हाताशी ठेवा, फेरतपासणीत पहिला प्रश्न त्यांच्यावरच येतो.