कोंबडीच्या तळव्यावरची काळी खपली: घरी उपचार कसा करावा

कोंबडी लंगडायला लागली की पहिला सल्ला येतो हळद-चुन्याचा आणि दुसरा रॉकेलचा. दोन्ही आधी बाजूला ठेवा. रॉकेलने आणि चुन्याने कातडी भाजते, आणि बंद खपलीवर थापलेली हळद आतल्या पुवापर्यंत पोचतच नाही.

पाय उचलून तळवा नीट बघा. मधल्या गादीवर किंवा बोटाखाली काळी, कडक खपली आणि भोवती गरम सूज असेल तर हाच तो आजार. इंग्रजी नाव बंबलफूट. तळव्याला बारीक चीर पडते, तिच्यातून बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू आत शिरतात आणि वरून कातडी मिटते. कडकनाथचे पाय मुळातच काळपट, त्यामुळे त्याच्या तळव्यावरची खपली डोळ्यांना चकवते. तिथे अंगठा फिरवून गाठ चाचपायची.

तळवा स्वच्छ आहे पण पायाच्या नळीवरचे खवले उचकटून खरखरीत झालेत, तर तो खवल्यांखाली शिरणाऱ्या बारीक किड्यांचा त्रास आहे. त्याचा उपचार निराळा. एक पाय पुढे आणि एक मागे टाकून कोंबडी पडून राहत असेल तर मरेक्स या विषाणूच्या आजाराची शंका घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. इथलं काहीही तिच्या उपयोगाचं नाही.

हातमोजे घाला. हेच जंतू माणसाच्या हातावरच्या जखमेतही शिरतात.

कोंबडीला जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळा, डोळ्यांवर टॉवेलचं टोक येऊ द्या. अंधार झाला की ती शांत होते. पण छाती दाबून धरू नका आणि उताणी फार वेळ ठेवू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड हललं तरच त्याला श्वास घेता येतो.

एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट, जेवणातलं मीठ नाही) टाकून पाय 15 ते 20 मिनिटं बुडवून ठेवा. पाणी बाळाच्या अंघोळीइतकंच कोमट हवं. ते तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात.

आता खपली. इथेच सगळे चुकतात, आणि मीही चुकले होते.

माझ्या पहिल्या गिरीराज कोंबडीच्या वेळी मला सांगितलं गेलं की ब्लेडने खपली गोल कापायची आणि आतली गाठ दाबून बाहेर काढायची. मी तसंच केलं. भळाभळा रक्त आलं, गाठ अर्धीच निघाली, आणि चौथ्या दिवशी सूज तळव्यातून पंजाच्या वरच्या बाजूला आली. ती वाचली, पण तो पाय तिने पुढे कधी पूर्ण टेकला नाही. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं, म्हणून हा भाग सविस्तर लिहिते आहे.

कोंबडीचा पू माणसाच्या पुवासारखा वाहत नाही. तो खव्यासारखा, कधीकधी सुक्या पनीरसारखा घट्ट असतो. दाबल्याने तो बाहेर येत नाही, आत जातो. तळव्याच्या गादीखाली लगेच बोटांकडे जाणाऱ्या शिरा आणि हाडं आहेत. जंतू तिथे पोचले की घरचा उपचार संपला. म्हणून दाबायचं नाही. कितीही मोह झाला तरी नाही.

पाण्यातून पाय काढल्यावर ओल्या गॉजने खपलीची कड हलकेच चोळा. कड सुटली असेल तर चिमट्याने धरून बाजूला ओढा, वर नाही. सहज निघाली तर कधी तिच्याबरोबर खालचा घट्ट पुवाचा खुंटही येतो, आणि मग निम्मं काम झालं. जराही अडली किंवा रक्ताचा थेंब दिसला की तिथेच थांबा. पोव्हिडोन आयोडीन लावा, पट्टी बांधा, उद्या पुन्हा भिजवा. माझ्याकडे बहुतेक खपल्या तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आपणहून सुटल्या आहेत. एकाच बैठकीत पाय साफ करायचा हट्ट धरणाऱ्यांचं मी आता ऐकत नाही.

खड्डा उघडा पडला की साध्या मिठाच्या पाण्याने धुवा, आयोडीन लावा, वर गॉजची घडी ठेवा आणि पट्टी बोटांच्या मधून इंग्रजी 8 च्या आकारात नळीपर्यंत न्या. तासाभराने बोटं बघा. सुजली किंवा गार पडली असतील तर पट्टी घट्ट झाली, सोडून पुन्हा बांधा. पहिला आठवडा रोज बदला, नंतर एक दिवसाआड. गुलाबी कातडी धरेपर्यंत दोन-तीन आठवडे लागतात. तोवर तिला कोरड्या गोणपाटावर वेगळी ठेवा, इतर कोंबड्या पट्टीला चोचा मारतात.

घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. सूज घोट्याकडे चढली, बोटं फुगली किंवा तिने खाणं सोडलं तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. औषध सुरू झालं तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे तिथेच विचारून घ्या.

पाय बरा झाला तरी खुराडं तेच राहिलं तर खपली पुन्हा येते. आमच्याकडे कोकणात जमीन जांभ्याची, आणि माझ्या खुराड्यातली बसायची दांडी छातीएवढ्या उंचीवर होती. गिरीराज, वनराज या वजनदार जातींची कोंबडी रोज सकाळी तिथून दगडावर उडी मारायची. दांडी गुडघ्याएवढी खाली आणली, पेरं असलेल्या खरबरीत बांबूऐवजी दोन इंच रुंद, कडा घासलेली लाकडी पट्टी लावली, तेव्हापासून नव्या खपल्या जवळपास थांबल्या. पावसाळ्यात भाताच्या तुसाची गादी मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर ओली आहे, काढून सुकं तूस घाला.

दर रविवारी संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की बॅटरी घेऊन प्रत्येकीचे दोन्ही तळवे बघते. तेव्हा त्या झोपाळलेल्या असतात, पाय उचलू देतात.