‘बहीण आलं’ आणि एक दोनशे पानी वही

सोलापूरच्या पूर्व भागात, जिथे यंत्रमागांची खडखड खिडकीतून थेट फळ्यापर्यंत येते, तिथल्या एका माध्यमिक शाळेत मी बावीस वर्षं मराठी शिकवते. माझ्या वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं घरी तेलुगू बोलतात. काही कन्नड, काही दखनी. निबंधाच्या वह्या तपासताना ‘माझी बहीण आलं’, ‘बस गेलं’ असली वाक्यं ढिगाने सापडायची आणि मी लाल पेनने समासात एकच शेरा मारायचे : ‘लिंग सुधारा’. सोळा वर्षं हा शेरा मारला. कुणाचंही काही सुधारलं नाही.

सहा वर्षांपूर्वी मी एक साधी दोनशे पानी वही घेतली आणि वर्गात जे ऐकलं ते तिच्यात उतरवायला लागले. बाकी काही बदललं नव्हतं. दोन महिन्यांनी ती पानं सलग वाचली तेव्हा दिसलं की ‘बहीण आलं’ आहे, ‘बस गेलं’ आहे, ‘मावशी रडलं’ आहे, पण ‘भाऊ आलं’ एकदाही नाही. पुल्लिंगात मुलं चुकतच नव्हती!

पालकसभेला आलेल्या एका आईला मी विचारलं, “धाकटी बहीण आली, हे तेलुगूत कसं म्हणता हो?” ती म्हणाली, “चेल्लि वच्चिंदि.” आणि बस आली? “बस वच्चिंदि.” आणि धाकटा भाऊ आला? “तम्मुडु वच्चाडु.” म्हणजे घरच्या भाषेत पुरुषासाठी एक रूप, आणि बाईसाठी नि वस्तूसाठी मिळून दुसरं. मुलं निष्काळजी नव्हती. ती घरून आणलेला नियम इमानेइतबारे पाळत होती. मी मात्र तीन लिंगांचा तोच तक्ता दरवर्षी फळ्यावर काढत होते, त्यातला एक रकाना त्यांना येत होता याचा पत्ताच नसताना.

त्या वर्षी पुल्लिंगाचा सराव बंद केला. फक्त जोड्या घेतल्या : बहीण आली, पत्र आलं, बस आली, बिल आलं, चिठ्ठी हरवली, दप्तर हरवलं. सगळं सुधारलं असं म्हणणार नाही, पण समासातला तो शेरा मी टाकून दिला.

ही वही कशी लिहायची, ते सांगते.

टाचणवही वेगळी, ही वेगळी

टाचण, म्हणजे रोजच्या पाठाचं नियोजन, आपण दुसऱ्यासाठी लिहितो. मुख्याध्यापक सही करतात, अधिकारी आले की टेबलावर ठेवतो. वर्णनात्मक नोंदींचंही तेच. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा कल्पना चांगली होती, प्रत्येक मुलाचं निरीक्षण शब्दांत लिहायचं. पण काहीच दिवसांत तयार वाक्यांच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि ‘स्वतःचे अनुभव स्वतःच्या शब्दांत सांगतो’ हे वाक्य अख्ख्या वर्गाच्या नावापुढे लागलं. मीही लावलंय, खोटं कशाला बोलू.

म्हणून या वहीची पहिली अट : ती कुणी तपासणार नाही. तिच्यावर शाळेचं नाव, इयत्ता, विषय काही लिहू नका. माझ्या पहिल्या वहीच्या पुट्ठ्यावर ‘वाणसामान’ लिहिलेलं होतं.

काय लिहायचं

मुलाचं वाक्य, जसंच्या तसं. एवढं एक जमलं तरी पुरे.

सुरुवातीला आपण सगळे काय लिहितो? ‘आज आठवी ब मध्ये कविता शिकवली. मुलांनी छान प्रतिसाद दिला.’ किंवा ‘मुलं कच्ची आहेत, पाया नाही.’ ही वाक्यं सहा महिन्यांनी वाचली तर त्यातून काहीही निघत नाही. प्रतिसाद म्हणजे काय दिला? कोण काय बोललं? माझी एक बरी नोंद दाखवते :

‘मंगळवार, चौथा तास, आठवी ब. मी : कवीला पावसाचा राग का येतो? (शांतता.) मीच : कारण त्याचं घर गळतंय, हो ना? सगळे : होऽऽ. नंतर कडुनिंब हळूच म्हणाला, “राग नाय मॅडम, भ्या वाटलालंय त्याला.” मी पुढे गेले. का गेले?’

(कडुनिंब हे एका मुलाचं वहीतलं नाव, ते का ते पुढे सांगते. ‘भ्या वाटलालंय’ म्हणजे भीती वाटतेय.) पाच ओळी. लिहायला चार मिनिटं. यात मुलाचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा बरं आहे आणि मी ते सोडून दिलं, हे दोन्ही पकडलं गेलं. असं पकडायचं तर तास संपल्यावर दहा मिनिटांच्या आत लिहायला हवं. संध्याकाळी घरी बसून लिहिलं की आपण आठवणीत शहाणे होतो आणि मुलांची भाषा आपोआप प्रमाण होते. मी मोकळ्या तासिकेत लिहिते. ती बदली तासात गेली, आणि ती जातेच, तर हजेरीच्या कागदामागे दोन शब्द खरडून ठेवते : ‘भ्या वाटलालंय’. तेवढ्यावर नंतर सगळं आठवतं.

‘वाटलालंय’वरून आठवलं. आमच्या सोलापुरात ‘काय करलालास’, ‘अभ्यास करलालो’ असंच बोलतात. मीही माहेरी गेले की तसंच बोलते. पहिल्या वर्षी मी ही सगळी रूपं वहीत ‘चुका’ म्हणून मांडली होती. मग पान उभं दुमडून दोन रकाने केले, चूक आणि बोली. एखादं रूप कुठल्या रकान्यात घालावं ते कळत नाही, तेव्हाच भाषाशिक्षकाचं खरं शिक्षण होतं. ‘भ्या’ मी आता निबंधात खोडत नाही. बाजूला विचारते, बोर्डाच्या पेपरात हा शब्द कुठे चालेल आणि कुठे नाही? संवादलेखनात चालेल, अर्जात नाही, हे मुलं स्वतः सांगतात.

आणखी एक. मुलं जे चुकत नाहीत, तेही लिहा. याकडे कुणाचं लक्षच जात नाही. उत्तरेतून नव्याने आलेला एक मुलगा मैदानावर सगळ्यांना म्हणायचा, “चला, आम्ही खेळू.” वर्ग हसायचा. तेलुगू घरातली मुलं मात्र ‘आपण’ आणि ‘आम्ही’मध्ये कधीच अडखळली नाहीत. कारण तेलुगूत ऐकणाऱ्याला धरून ‘मनम’ आणि त्याला वगळून ‘मेमु’ असा तोच भेद आहे, आणि हिंदीत दोन्हीला एकच ‘हम’. चमच्यातला आणि चंद्रातला ‘च’ वेगळा, हेही त्यांना सांगावं लागत नाही, तेलुगूत असे दोन ‘च’ आहेतच. ही नोंद केल्यावर मी त्याच मुलांना नव्या मुलाचे गुरुजी केलं. एरवी मराठीच्या तासाला मान खाली घालून बसणारी पोरं ती. त्यांच्या मनमच्या जोरावर ताठ बसली.

स्वतःचंही वाक्य लिहा

हे अवघड. मुलांचं आपण ऐकतो, स्वतःचं ऐकत नाही. यासाठी सत्रातून एकदा फोनवर एक तास फक्त आवाज रेकॉर्ड करा. मुलांना सांगून, मुख्याध्यापकांना विचारून, आणि ऐकून झालं की पुसून टाका. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पंचवीस मिनिटांनी बंद केलं, इतकं माझंच बोलणं.

अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली रेकॉर्डिंग ऐकून दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलायला लागतात. तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. ते विज्ञानाचे वर्ग होते. भाषेच्या तासाला तर मुलाला आधी उत्तर सुचायचं असतं, मग मराठी सुचायची असते.

तीन सेकंद ऐकायला काही नाही, पण वर्गासमोर गप्प उभं राहून बघा. मी मनात एकदा ‘एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ म्हणते. सोलापूरकरांना सांगायला नको. इतरांसाठी, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतला हा जयघोष. सावकाश म्हटला की बरोबर तेवढा वेळ जातो. वहीत मी पंधरा दिवस फक्त एवढंच लिहिलं : कुठल्या प्रश्नाला हर्र झालं, कुठल्याला नाही, आणि नंतर कोण बोललं.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९८३ साली व्यावसायिकांच्या दोन प्रकारच्या विचारांचं वर्णन केलं, काम करता करता होणारा आणि काम झाल्यावर होणारा. आपल्याला पहिल्याला वेळच नसतो, घंटा होते. दुसऱ्यासाठी वही.

महिन्यातून एकदा वाचायची

लिहिण्यापेक्षा हे महत्त्वाचं आणि नेमकं हेच राहून जातं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी अर्धा तास बसते. जे तीनदा आलंय त्याखाली रेघ. मग एकच गोष्ट निवडायची आणि पुढचे दोन आठवडे तेवढीच बदलायची. दोन बदललंत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

खंड पडतो. निवडणुकीचं काम लागलं की पडतो, दहावीच्या परीक्षेत पडतो, दिवाळीनंतर तर हमखास. माझ्या तिसऱ्या वहीत नोव्हेंबर ते जानेवारी एकही अक्षर नाही. मागचं भरून काढत बसू नका, आजची तारीख टाका आणि पुढे लिहा.

कुणाला दाखवायची

आधी चूक सांगते. दुसऱ्या वर्षी एका वैतागलेल्या दुपारी मी एका मुलाबद्दल लिहिलं, नावासकट : ‘याला सांगून उपयोग नाही.’ वही टेबलावर राहिली. तोच मुलगा शिक्षकदालनात घेऊन आला, “मॅडम, तुमची वही.” त्याने वाचलं होतं की नाही, त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसायला लागला.

तेव्हापासून मुलांना झाडांची नावं. कडुनिंब, चिंच, आपटा. (बाभूळ नाव एकाला दिलं आणि लक्षात आलं की नाव देतानाच मी त्याला नापास केलंय. बदललं.) आणि त्या मुलासमोर मोठ्याने वाचता येणार नाही असं काही लिहायचं नाही. फोटो नाही, घरची परिस्थिती ओळखू येईल असा तपशील नाही.

एवढं पाळलं की वही एका माणसाला दाखवा. माझी पहिली वाचक आमच्या गणिताच्या बाई. मराठीच्या शिक्षिकेला दाखवली असती तर तिने माझं व्याकरण काढलं असतं. गणिताच्या बाईंनी विचारलं, “कडुनिंबचं उत्तर बरोबर होतं, तर मग तुम्ही पुढे का गेलात?” मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्यासाठी लिहायला लागलं की आपल्याला गृहीत वाटणाऱ्या गोष्टी उलगडून सांगाव्या लागतात आणि तिथेच भोकं दिसतात. मग तीन-चार नोंदी जोडून दोन पानं करा आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वाचा, किंवा ‘जीवन शिक्षण’सारख्या मासिकाकडे पाठवा. कोल्हापुरात १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीलाताई पाटील वर्गातले अनुभव सातत्याने लिहीत राहिल्या, आणि ते वाचून आमच्यासारख्या कित्येकांना कळलं की शाळेतली साधी गोष्टही लिहिण्याजोगी असते.

नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. प्रशिक्षणांना मी जाते, काही चांगली असतात, काहींतला उपमा चांगला असतो. वहीचे तास कुणी मोजत नाही.

सध्या सहावी वही चालू आहे. ‘बात खाल्ला’, ‘बाऊ आला’ अशा नोंदींखाली गेल्या महिन्यात सात रेघा पडल्या. या मुलांच्या घरच्या बोलण्यात भ, ध, घ फारसे नसतात, हे कळलं. पण त्यांना फरक ऐकू येत नाही, की ऐकू येतो आणि फक्त बोलता येत नाही? उपाय दोन्हींचे वेगळे. म्हणून सोमवारी बाग-भाग, दार-धार, गार-घार श्रुतलेखनाला घालणार आहे. पाचव्या तासाला, कारण तेव्हा शेजारच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी असते आणि माग थांबलेले असतात.