चालत्या गाडीवर ट्रेलरची बॅटरी चार्ज करताय? आधी या चुका टाळा

गाडीमागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये बॅटरी, आणि गाडी धावत असताना अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) ती आपोआप भरत राहावी, एवढीच अपेक्षा असते. ऐकायला दोन तारांचं काम. म्हणूनच लोक ते घाईत उरकतात आणि मुक्कामी पोचल्यावर रात्री नऊला दिवे पिवळे पडले की फोन येतो, "अरे दिवसभर गाडी चालवली, बॅटरी भरली कशी नाही?" बरीच वर्षं स्वतःच्या आणि ओळखीतल्यांच्या ट्रेलरची वायरिंग करतोय, आणि दर वेळी त्याच त्या चुका बघून आता खरंच त्रास होतो, कारण यातल्या काही चुकांनी नुसती बॅटरी जात नाही, आग लागू शकते. खालचं सगळं १२ व्होल्टच्या सिस्टीमबद्दल आहे.

बारीक वायर

यावर जरा जास्त बोलणार आहे, कारण बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

एका मित्राचं सांगतो. ट्रेलर वायरिंगसकट तयार मिळालेला. दिवसाला सहा-सहा तास ड्रायव्हिंग, तरी संध्याकाळी बॅटरी अर्धमेलीच. त्याला वाटलं बॅटरीच खराब, बदलली. नवी पण तशीच. मग अल्टरनेटर तपासून घेतला, तो ठणठणीत. मग तिसरी बॅटरी, या वेळी आणखी मोठी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! माझ्याकडे आला तेव्हा पहिलंच वाक्य, "वायरिंगला काही झालेलं नाही, ट्रेलर जोडायच्या प्लगवर १३.९ व्होल्ट दाखवतंय." मी विचारलं, ट्रेलर जोडून मोजलंस की सोडवून? सोडवून.

इथेच सगळं फसतं. तारेतून करंट जात नसेल तर व्होल्टेज पडतच नाही. आतल्या सगळ्या तारा तुटून केसाएवढी एक शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवणार, कारण मीटरला लागणारा करंट अगदी नगण्य असतो. मग आम्ही इंजिन चालू ठेवलं, ट्रेलर जोडला, त्यातला फ्रिज १२ व्होल्टवर टाकला आणि थेट ट्रेलरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला. १२.२. त्याच वेळी गाडीच्या बॅटरीवर १३.९. मधले १.७ व्होल्ट वायरनेच खाल्ले होते.

वायर होती अडीच एमएमची, म्हणजे आतल्या तांब्याचा छेद अडीच चौरस मिलिमीटर. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत ९ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १८. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला साधारण ०.०१७५ ओहम, त्या हिशेबाने या तारेचा झाला ०.१२६ ओहम. १.७ ला ०.१२६ ने भागा, साडेतेरा अँपिअर येतात. तेवढाच करंट पलीकडे पोचत होता आणि त्यातले १२ एकटा फ्रिज ओढत होता. बॅटरीच्या वाट्याला दीड अँपिअर! सहा तास गाडी हाकून ९ अँपिअर-अवर, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत. तिसरी मोठी बॅटरी आणून काय होणार होतं, रांजण मोठा आणला तरी नळाची धार तेवढीच.

तीच लांबी १६ एमएमने केली की रेझिस्टन्स ०.०२ ओहमच्या आत येतो, २० अँपिअर वाहिले तरी पडतात फक्त ०.४ व्होल्ट. आम्ही तीच टाकली. तीच गाडी, तोच फ्रिज, बॅटरीवर १३.५. मित्र बराच वेळ मीटरकडे नुसता बघत राहिला.

तेव्हा माझी सवय सांगतो, मी ट्रेलरसाठी १६ च्या खाली जातच नाही. हिशेबात १० पुरतंय असं कुणी दाखवलं तरी नाही. आणि घेताना तांब्याचा छेद किती ते विचारून घ्या, कारण गाड्यांच्या वायरीवर कधी कधी जो आकडा असतो तो बाहेरच्या प्लॅस्टिकसकट जाडीचा असतो आणि ६ म्हणून घेतलेल्या वायरीत तांबं भरतं साडेचारच्या आसपास. दुसरं म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर परत करा.

अर्थला वायर न टाकणं

पॉझिटिव्हला जाडजूड वायर आणि निगेटिव्हला "बॉडी आहे की!" हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम थांबवतो. बॉडी आहे, पण दोन बॉडींच्या मध्ये आहे हिचचा, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडाचा, गोळा, त्यावर ग्रीस, त्याखाली गंज, आणि प्रत्येक खड्ड्यात तो सांधा हलतोय. मग करंट दुसरी वाट शोधतो आणि ती सापडते दिव्यांच्या प्लगमधल्या अर्थच्या बारीक तारेत. ती दिव्यांपुरतीच बनवलेली असते, चार्जिंगचा करंट तिच्या बापजन्मात झेपणारा नाही. अशा एका प्लगची पिन मी काढली होती, पितळ काळंनिळं पडलेलं, भोवतीचं प्लॅस्टिक साय धरल्यासारखं सुरकुतलेलं. तक्रार काय होती, तर ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो.

जेवढी जाड जाताना तेवढीच जाड येताना, आणि चार्जिंगसाठी प्लग वेगळा, निदान ५० अँपिअरचा. नवीन गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरीचा करंट मोजणारा छोटा सेन्सर बसवलेला असतो. तिथे तुमची अर्थची वायर थेट टर्मिनलला लावायची नाही, सेन्सरच्या पलीकडे चेसिसला लावायची, नाहीतर गाडीच्या कॉम्प्युटरला तो करंट दिसतच नाही आणि त्याचा बॅटरीचा हिशेब चुकत जातो.

एकाच टोकाला फ्यूज

हे माझ्याच ट्रेलरवर झालंय, म्हणून पोटतिडकीने सांगतो. सुरुवातीच्या काळात मी गाडीच्या बाजूला फ्यूज टाकला आणि काम झालं असं समजून निघालो. वाटेत प्लग निसटला आणि ट्रेलरकडची केबल रस्त्यावर घासत आली. घासून घासून इन्सुलेशन गेलं, उघडं तांबं ट्रेलरच्या लोखंडाला टेकलं. गाडीकडचा फ्यूज शाबूत, कारण त्याचा आता संबंधच नव्हता, करंट पुरवत होती ट्रेलरची बॅटरी. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून थांबवलं तेव्हा बॅटरीच्या पेटीतून धूर येत होता आणि रबर जळल्याचा वास. टर्मिनलवरचा नट पान्याने सोडवेपर्यंत वायरीचं प्लॅस्टिक मेणासारखं ओघळत होतं. बायको-मुलं गाडीत होती. तो दिवस मी विसरलेलो नाही.

या सर्किटमध्ये बॅटरी दोन्ही टोकांना आहे, म्हणून फ्यूज दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात. फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठी असतो, तेव्हा त्याचा आकडा तारेवरून आणि मधल्या प्लगवरून ठरवायचा. १६ एमएम आणि ५० चा प्लग असेल तर मी ५० चा टाकतो, मोठा नाही. आपोआप परत जुळणारे ब्रेकर मला अजिबात पटत नाहीत, शॉर्ट तसाच राहतो आणि ते बिचारे तुटतात-जुळतात, तुटतात-जुळतात, तुम्हाला कळतच नाही.

कटऑफशिवाय थेट जोडणी, आणि चुकीचा कटऑफ

दोन बॅटऱ्या थेट जोडून ठेवल्या तर रात्री फ्रिज दोन्ही बॅटऱ्या पितो आणि सकाळी गाडी सेल्फ घेत नाही. त्यासाठी कटऑफ हवा, म्हणजे इंजिन बंद झालं की दोन बॅटऱ्या सुट्या करणारं साधन. व्होल्टेज बघून जोडणारा रिले (आपोआप चालणारा स्विच) मिळतो, साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ ला सोडतो. जुन्या गाडीला उत्तम. पण आजच्या बऱ्याच गाड्यांचा अल्टरनेटर इंधन वाचवायला स्वतःच व्होल्टेज १२.५ च्या आसपास उतरवतो, की रिले सुटला. रिले बिघडलेला नसतो, तुमच्या गाडीला तो चालणारा नसतो. तिथे डीसी-डीसी चार्जरच (गाडीकडून येणारं कमी-जास्त व्होल्टेज बॅटरीला हवं तेवढं करून देणारा) लागतो, ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसवलेला आणि इंजिन चालू असतानाच सुरू होणारा.

आता चार्जर आला की उतावळे लोक लगेच म्हणतात, मग जुनी बारीक वायर चालेल, चार्जर व्होल्टेज वाढवूनच देतो ना. उलट आहे! २० अँपिअरचा चार्जर १४.४ व्होल्टला २८८ वॅट देतो. बारीक वायरीतून त्याला ११.५ च मिळाले आणि त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर तो आत ओढतो जवळजवळ २८ अँपिअर. व्होल्टेज जेवढं पडेल तेवढा जास्त करंट ओढणार, त्याने ते आणखी पडणार, आणि शेवटी चार्जर बंद-चालू, बंद-चालू करत बसणार.

लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट घेत सुटते, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये उभी असेल तर अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरत असतो, तो तापून जळू शकतो. शून्य अंशाखाली ती चार्जही करायची नसते.

बारीकसारीक

थिंबल (वायरीच्या टोकाला चेपून बसवायचं धातूचं टोक) पक्कडीने चेपू नका, क्रिम्पिंगचं अवजार कुणाकडून मागून आणा. नुसतं सोल्डर करून मोकळे होऊ नका, शिसं तारेत वर चढतं, तिथे ती कडक होते आणि हादऱ्याने नेमकी तिथेच तुटते. पत्र्यातून वायर नेताना भोकात रबरी ग्रोमेट (वायर घासू नये म्हणून बसवायची रिंग) हवाच. सायलेन्सरपासून लांब. हिचजवळ पूर्ण वळणाला पुरेल एवढी ढील ठेवा, आणि ती रस्त्याला टेकणार नाही अशी बांधा.

झाल्यावर तपासायचं कसं

इंजिन चालू, ट्रेलर जोडलेला, ट्रेलरमधला लोड चालू. एक लांब वायर घेऊन मीटरचं एक टोक गाडीच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं पलीकडच्या पॉझिटिव्हवर, चार्जर असेल तर त्याच्या इनपुटवर. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या वाटेत हरवतायत. मग तसंच निगेटिव्ह ते निगेटिव्ह. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर मी ट्रेलर हलू देत नाही. एक बाजू बरी आणि दुसरी वाईट असेल तर त्याच बाजूचा प्रत्येक सांधा एकेक करून मोजायचा, थिंबलच्या अलीकडे-पलीकडे, फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, चोर सापडतोच. नंतर अर्धा तास गाडी चालवून थांबायचं आणि प्लग, फ्यूज होल्डर, थिंबल यांना हात लावून बघायचा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तो सांधा कापून नवीन करायचा, तिथल्या तिथे.